इंदुताई पियानो जुळवतात

अश्लेषाचा फोन आला तेव्हा इंदुताई पियानोवरच्या लोणच्याच्या बरण्या पुसत होत्या. पोरीचे फोन लांबत, म्हणून फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरून त्यांनी पुसणं चालूच ठेवलं. पण त्या दिवशी अश्लेषाने फोन उचलल्या उचलल्याच बातमी सांगून टाकली. तिची बदली झाली होती. बंगळूरहून थेट नागपूरला, मिहानमधल्या ऑफिसात. मे संपायच्या आत ती सामानसुमानासकट घरी येणार होती, आणि या खेपेला परत जायचं नव्हतं.

"खरं सांगून राहिली ना वं?" इंदुताईंनी दोनदा विचारलं.

"खरंच, आई. आणि पियानो आहे ना अजून? का बाबांनी देऊन टाकला कोणाले?"

"कोणाले देतील? आहे ना. माह्या समोरच आहे."

फोन ठेवल्यावर इंदुताईंनी त्या समोरच्या वस्तूकडे कितीतरी वर्षांनी नीट पाहिलं. वर भरतकामाचं कापड, कापडावर बरण्या, बरण्यांच्या मागे सत्यनारायणाच्या पूजेत मिळालेली दोन घड्याळं आणि एक बंद पडलेला टॉर्च. शेजारी खिडकीत कुलर. अश्लेषाच्या शाळेत संगीत शिकवणारे सर नागपूर सोडून जायला निघाले, तेव्हा त्यांनी हा पियानो आपल्या लाडक्या विद्यार्थिनीला देऊ केला होता. ओमप्रकाशांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. पोरीने मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं असं कधी झालं नव्हतं. पितळेचे गुंड, गंज अशी पाण्याची मोठी भांडी वाहणारा दुकानाचाच टेम्पो त्यांनी पाठवला. इतवारीतल्या हमालांनी दोरखंड लावून, एकमेकांना शिव्या घालत तो अवजड पेटारा सक्करदऱ्यातल्या या घराच्या हॉलमध्ये आणून उभा केला. अश्लेषा दहा-बारा वर्षं त्यावर वाजवत होती. मग शिक्षण, नोकरी. पियानोचं झाकण मिटलं ते मिटलंच.

इंदुताईंनी बरण्या खाली उतरवल्या, कापड काढलं आणि झाकण उघडलं. मधली एक पांढरी पट्टी दाबली. पट्टी खाली गेली आणि वर आलीच नाही. शेजारची दाबली तर आतून असा आवाज आला, जणू कोणी रिकाम्या डब्यात चमचा टाकला. त्यांना फार वाईट वाटलं. घरात एक पाहुणा इतकी वर्षं बसून आहे आणि त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, असं काहीतरी.

"हा दुरुस्त झाला पाहिजे," त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या. दिवाणावर दुपारची झोप घेत असलेल्या ओमप्रकाशांनी डोळे न उघडता "हूं" केलं.

पण दुरुस्त करणार कोण? सीताबर्डीवर वाद्यांच्या दुकानात त्यांनी विचारलं, तर तिथल्या माणसाने "ताई, इलेक्ट्रिकवाला घेऊन टाका, हलका असते, सेलवर चालते," असा सल्ला दिला. दुसऱ्या दुकानात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक म्हातारबुवा भेटले. त्यांनी कपाळाला बोट लावून बराच विचार केला आणि महाल भागातल्या देवपुजारी नावाच्या एका पियानोवाल्याचा नंबर दिला.

सुमंत देवपुजारी फोनवर आधी नाहीच म्हणाले. "मी काम बंद केलंय हो. उजवा खांदा धरलाय. हात वर होत नाही."

"काम नका करू. नुसतं पाहून जा," इंदुताई म्हणाल्या. "चहा घ्या अन् सांगा, जिवंत आहे का मेला."

हे ऐकून पलीकडचा माणूस हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला उन्हाचा दुपट्टा गुंडाळलेला, डाव्या हातात लाकडी पेटी. सरकारी नोकरी करता करता एका जुन्या पियानोवाल्याकडे हे काम शिकलो, इतकंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. दुपट्टा सोडून ते हॉलमध्ये आले आणि पियानोकडे न जाता खिडकीकडे बघत राहिले.

"हा कधीपासून आहे इथे?" त्यांनी जरा कडक आवाजात विचारलं.

दिवाणावर बनियनमध्ये पेपर वाचत बसलेले ओमप्रकाश चपापले. "मी? मी तर वीस वर्षांपासून इथंच आहो."

"तुम्ही नाही हो. कुलर."

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. सुमंतभाऊ मात्र गंभीर होते. त्यांनी समजावून सांगितलं की पियानो म्हणजे शेवटी लाकूड, लोकर आणि तारा. कुलर चालला की लाकूड पाणी पिऊन फुगतं. बंद झाला की नागपूरची मे महिन्याची हवा त्याला चुलीवरच्या पापडासारखं सुकवते. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं. "माणसाला रोज ताप येऊन उतरला तर तो किती दिवस टिकेल?"

"मंग मी कुठं झोपू?" ओमप्रकाशांनी पेपर खाली ठेवला.

"मागच्या खोलीले खिडकी आहे ना जी," इंदुताई म्हणाल्या. "तिथं लावू कुलर."

"तिथं टीव्ही नाही."

इंदुताईंनी कुलरचा प्लग काढला. सुमंतभाऊंनी डाव्या हाताने पियानोचं वरचं झाकण उचललं, आतल्या दोन खिट्या फिरवल्या आणि समोरची फळी इंदुताईंच्या मदतीने अलगद काढून ठेवली. इंदुताई बघतच राहिल्या. इतकी वर्षं ज्याच्यावर त्या बरण्या ठेवत होत्या त्याच्या पोटात एवढा पसारा असेल अशी त्यांना कल्पनाच नव्हती. लोकरीच्या टोप्या घातलेल्या हातोड्यांची रांग, तिच्यामागे सोनेरी रंगाची लोखंडी चौकट, चौकटीवर वरून खाली ताणलेल्या तारा आणि वर तारांची टोकं गुंडाळलेल्या शेकडो खुंट्या. खालची फळी काढल्यावर एका कोपऱ्यात उंदराचं घरटंही निघालं. लोकरीची लाल कातरणं, अश्लेषाच्या कुठल्यातरी जुन्या वहीचे कपटे आणि मूठभर संत्र्याच्या बिया.

"चांगला संसार मांडला होता गा यानं," ओमप्रकाश वाकून म्हणाले. पियानोबद्दल त्यांचं ते पहिलं वाक्य.

सुमंतभाऊंनी टॉर्च फिरवून सगळं तपासलं. खुंट्या घट्ट होत्या. चौकटीला तडा नव्हता. काही ठिकाणी कसर लागली होती, बऱ्याच पट्ट्या फुगून अडकल्या होत्या, आणि सगळा पियानो आपल्या मूळ सुरापासून खूप खाली उतरला होता. "मेलेला नाही," ते म्हणाले. "उपाशी आहे. पण दोनशेवर खुंट्या आहेत इंदुताई, आणि एकेक खुंटी ओढायला जोर लागतो. माझा खांदा दहा खुंट्यांत संपेल."

"मी फिरवू का?" इंदुताईंनी विचारलं.

सुमंतभाऊंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. रुंद, कामाचे हात होते. मग त्यांनी पेटीतून लांब दांड्याची एक चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

त्या दिवसापासून रोज सकाळी, ऊन तापायच्या आत, हॉलमध्ये शाळा भरू लागली. कुलर मागच्या खोलीत गेला आणि त्याच्यामागोमाग ओमप्रकाशही उशी काखेत मारून गेले. दोन दिवस ते जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना शोध लागला की मागच्या खोलीत रस्त्याचा आवाज येत नाही आणि झोप जास्त चांगली लागते. पण हे त्यांनी बायकोला लगेच सांगितलं नाही.

आधी साफसफाई. इंदुताईंनी एकेक पट्टी उचलून बाहेर काढली. प्रत्येक लांबलचक लाकडी पट्टीवर तिचा आकडा उमटवलेला होता, त्यामुळे घोळ व्हायची भीती नव्हती. अंगणातल्या सावलीत चादरीवर त्या सगळ्या ओळीने मांडल्या तेव्हा शेजारच्या वैभवीने गच्चीवरून विचारलं, "काकू, यंदा कुरड्यांऐवजी हे काय वाळवून राहिल्या?" पट्ट्यांखालच्या धुळीत दोन पेन्सिली, केसांच्या पिना आणि एक चार आण्याचं नाणं सापडलं. सुमंतभाऊ खुर्चीत बसून सांगत आणि इंदुताई करत. कुठे लोकर फुगली असेल तिथे चिमट्याने हलकेच दाबायचं, कसरीने खाल्लेली लोकरीची पट्टी काढून नवी चिकटवायची, हातोड्याची टोपी दगडासारखी झाली असेल तर सुयांनी टोचून मऊ करायची. "पुरणपोळीसारखं," इंदुताई म्हणाल्या. "हात हलका पाहिजे." सुमंतभाऊंना ही उपमा इतकी आवडली की ते दिवसभर पुरणपोळीच म्हणत राहिले.

कुलर गेल्यावर हॉल फार कोरडा पडेल म्हणून त्यांनी पियानोच्या तळाशी पाण्याचा एक गडू ठेवायला सांगितला. ओमप्रकाश पाणी प्यायला आले होते. ते थांबले.

"माह्या कुलरचं पाणी चालत नाही अन् याले गडूभर पाणी?"

"याला सावकाश प्यायला आवडतं," सुमंतभाऊ म्हणाले.

ओमप्रकाशांनी गडू उचलून उलटा करून पाहिला. "हा गडू हलका आहे. दुकानातून चांगला आणतो," असं म्हणून ते गेले आणि संध्याकाळी खरंच जाड बुडाचा पितळी गडू घेऊन आले.

मग जुळवणी. सुमंतभाऊंनी सांगितलं की बऱ्याच सुरांना तीन-तीन तारा असतात. तिन्ही अगदी एक झाल्या पाहिजेत. रबराची पाचर घालून एक तार बंद करायची, उरलेल्या दोन वाजवायच्या आणि ऐकायचं. त्या जुळलेल्या नसतील तर आवाजात लाटा येतात. खुंटी फिरवत गेलं की लाटा संथ होतात, आणि शेवटी विरतात. "पण लाटा ऐकू यायलाच महिने लागतात. मला स्वतःला पहिल्या उन्हाळ्यात काही कळलं नव्हतं. तुम्ही घाई करू नका. खुंटी फिरवा, ऐकायचं काम मी करतो."

त्यांनी पट्टी दाबली. इंदुताईंनी मान तिरकी केली.

"हा वांव-वांव-वांव करून राहिला, तोच का?"

सुमंतभाऊंनी पट्टी पुन्हा दाबली. "तुम्हाला ऐकू येतंय?"

"काहून नाही येणार? फुटका वाजून राहिला ना. दोन आवाज आहे त्याच्यात, एक नाही."

मग त्यांनी चावी लावली आणि दांडा हळूच आपल्याकडे ओढला. लाटा रेंगाळल्या, लांबल्या, आणि तो सूर एकदम स्वच्छ झाला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी आणि तळ दिसावा, तसा. इंदुताईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी चावी सोडली नाही. "पुढची," त्या म्हणाल्या.

चहाच्या वेळी उलगडा झाला. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी त्यांना दुकानाच्या मागच्या गोदामात बसवलं होतं. भंडाऱ्याहून पितळेचा माल येई. प्रत्येक गुंड, प्रत्येक परात बोटाच्या पेराने वाजवून पाहायची. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर आवाज थरथरे. चांगला गुंड लांबवर एकच आवाज देई. अश्लेषा पोटात असतानाही त्या तिथे बसून भांडी वाजवत होत्या. "मले कोणी गाणं शिकवलं नाही," इंदुताई म्हणाल्या, "पण फुटकं कोणतं अन् साबूत कोणतं, हे मले कळते."

"मग माझे पाच-सहा महिने वाचले," सुमंतभाऊ म्हणाले आणि दुसरा कप मागितला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू त्यांचाच खांदा मोकळा झाला.

पहिल्या फेरीत सगळा पियानो अंदाजाने वर ओढला. ताण वाढला की आधी ओढलेल्या तारा पुन्हा उतरतात, म्हणून दुसरी फेरी. इंदुताईंचा दंड दुखायला लागला. रात्री ओमप्रकाश त्यांना बाम चोळून देऊ लागले. "म्हातारपणी हमाली," ते पुटपुटायचे. पण इंदुताईंना झोप अशी लागे की कूसही बदलत नसत. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्यांच्या कानात ते सूर असत. दूधवाल्याच्या गाडीचा हॉर्न, देवघरातली घंटा, कुकरची शिट्टी, सगळ्यांचं आता त्यांना काही ना काही म्हणणं ऐकू येई.

आणि मग तो गुरुवार उगवला. त्या दिवशी सुमंतभाऊंना खांद्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं, म्हणून सुट्टी होती. त्यांची पेटी मात्र पियानोजवळच होती. खालच्या जाड सुरांपैकी एक इंदुताईंना आदल्या दिवसापासून खटकत होता. एवढा एकच करू, म्हणून त्यांनी चावी लावली. पट्टी दाबली, दांडा ओढला. आवाज हलेना. त्यांनी आणखी ओढला. तरी आवाज तसाच. आज हट्टाला पेटलाय, असं म्हणत त्यांनी अंगाचा जोर लावला.

'तड्‌' असा आवाज झाला, आणि पाठोपाठ सगळा पियानो आतून गुरगुरल्यासारखा घुमला.

तांब्याचा वेढा असलेली एक जाड तार तुटून खाली लोंबत होती. इंदुताईंनी पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. वाजवत होत्या एक तार आणि चावी होती शेजारच्या तारेच्या खुंटीवर. आवाज बदलणार कसा? दुसरी बिचारी मुकाट्याने ताणली जात होती.

ओमप्रकाश मागच्या खोलीतून धावत आले. "काय फुटलं? सिलिंडर?"

"तार तोडली मी." इंदुताई स्टुलावर बसून राहिल्या. डोळे भरून आले होते. "रविवारी पोरगी येऊन राहिली अन् मी तार तोडून बसली. शहाणपणा कोणी सांगतला होता मले?"

ओमप्रकाशांनी आधी तारेकडे, मग बायकोकडे पाहिलं. थट्टा करायची वेळ नाही हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कळत होतं. "आपल्या दुकानात किती गुंड चेपले गेले, मोजलं का कधी?" ते म्हणाले. "ज्यानं माल हाती घेतला त्याच्याच हातून चेपते. उठ. फोन कर त्याईले."

इंदुताईंनी फोन लावला आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं. मग सुमंतभाऊ हसायला लागले ते थांबेचनात. "चुकीच्या खुंटीवर चावी ना? इंदुताई, मी तीन तोडल्या होत्या तशा. त्यातली एक एका साहेबाच्या बंगल्यावर, पार्टीच्या दिवशी. येतो मी. तार कुठे तुटली ते सांगा. वर, खुंटीजवळ? मग नशीबवान आहात."

दवाखान्यातून ते थेट आले, खांद्याला शेकाची पट्टी तशीच बांधलेली. अशी वेढ्याची तार बाहेरून बनवून मागवायची तर दोन-तीन आठवडे जाणार होते. पण तुटली होती ती वेढ्याच्या वर, साध्या पोलादी भागात. तिला नव्या तारेचा तुकडा गाठ मारून जोडता येत होता. मात्र ती गाठ म्हणजे दोन फासे एकमेकांत अडकवायचे, पोलादी तार पकडीने वळवायची. सुमंतभाऊंचा हात वर जाईना आणि इंदुताईंच्या पकडीतून तार निसटत होती.

"दाखवा मले," ओमप्रकाश म्हणाले.

दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

"काय पाहून राहिले? चाळीस वर्षं भांड्यांच्या थप्प्या तारेनं बांधल्या मी. तार कशी वळते ते मले नका शिकवू. गाठ फक्त दाखवा."

सुमंतभाऊंनी सुतळीच्या दोन तुकड्यांवर गाठ घालून दाखवली. ओमप्रकाशांनी चष्मा नाकावर ओढला, पकड घेतली आणि पियानोसमोर जमिनीवर मांडी घातली. पहिला फासा सैल पडला. दुसरा नीट बसला. तिसऱ्या खेपेला दोन्ही फासे एकमेकांत असे घट्ट अडकले की सुमंतभाऊंनी ओढून पाहिले आणि नुसती मान हलवली. मग तार खुंटीवर गुंडाळली. इंदुताईंनी या वेळी खुंटी नीट पाहून, बोटाने तारेचा माग काढून चावी लावली. तार हळूहळू ताठ झाली. जाड, गोल आवाज हॉलभर पसरला.

"एक अडचण आहे," सुमंतभाऊ म्हणाले. "नवी गाठ ताणली जात राहते. काही दिवस रोज सूर उतरेल. रोज थोडी ओढावी लागेल."

"ओढीन ना," इंदुताई म्हणाल्या.

त्या दिवशी सुमंतभाऊ जेवूनच गेले. ओमप्रकाशांनी आग्रह करकरून त्यांना आमरस वाढला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढचे चार दिवस ती गाठ दाखवली. वैभवीला गच्चीवरून खाली बोलावून दाखवली. गॅस सिलिंडरवाल्यालाही दाखवली.

रविवारी सकाळी अश्लेषा आली. स्टेशनवरून येताना तिने बाबांना पन्नास प्रश्न विचारले, पण ओमप्रकाश पियानोबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. आत आल्यावर तिने हॉलकडे पाहिलं. बरण्या नाहीत, कुलर नाही. झाकण उघडं, पट्ट्या लखलखीत. बॅग दारातच टाकून ती जाऊन बसली आणि तिने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

वाजवायला लागली तेव्हा बोटं अडखळली. "गंजली आहेत," ती हसत म्हणाली. पुन्हा सुरुवात केली. या वेळी सूर एकामागून एक येत गेले, कुठे सांडत, कुठे सावरत. इंदुताई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. हे घर पोरीच्या वाजवण्याने भरलेलं त्यांनी पूर्वीही ऐकलं होतं. पण तेव्हा तो नुसता आवाज होता, छान आवाज. आता एकेक सूर ओळखीचा होता. हा कसरीने खाल्लेला, याची टोपी मी टोचली, हा दुसऱ्या फेरीत फार त्रास दिलेला.

आणि मधेच त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

कणकेचे हात पदराला पुसत त्या हॉलमध्ये आल्या, पेटीतून चावी काढली आणि म्हणाल्या, "सरक जरा."

"आई?"

"तो उतरला. सरक." त्यांनी पाचर घातली, खुंटी बोटाने शोधली, चावी लावली आणि अश्लेषाला म्हणाल्या, "तो खालचा वाजव. हां. अजून. थांब." दांडा केसभर हलला. "आता वाजव."

अश्लेषाने वाजवला. तिने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. ओमप्रकाश आता दम धरू शकले नाहीत. "गाठ मी मारली," ते म्हणाले. "पण बाकी सगळा पियानो तिनं जुळवला."

अश्लेषा उठली आणि तिने आईला मिठी मारली. तिच्या कुर्त्याला कणीक लागली. बराच वेळ तिघंही एकदम बोलत होते. जेवताना अश्लेषा म्हणाली, "आई, आता तुले मी वाजवाले शिकवते. रोज अर्धा तास."

इंदुताईंनी खरंच विचार केला. घास चावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "नको बापा. वाजवणारी तू आहे. मले तो एक होते ना, दोन आवाजांचा एक, तेवढंच पाहिजे. त्याच्यातच माह्यं पोट भरते."

अश्लेषाने पुन्हा आग्रह केला नाही. रात्री ऑफिसची तयारी करता करता ती थोडं वाजवी. हॉलमध्ये उकडायचं. ओमप्रकाश डोक्यावर ओला पंचा ठेवून दिवाणावर बसत आणि ऐकत. हे मुलीचं वाजवणं आपण पूर्वी कधी बसून ऐकलं नव्हतं, असं त्यांनी एकदा बायकोला सांगितलं. पूर्वी रात्रीपर्यंत दुकान असायचं; आता ते नोकर सांभाळत.

जून उजाडला. ऊन जरा कलल्यावर सुमंतभाऊंचा फोन आला. जरीपटक्यातल्या एका शाळेत जुना पियानो होता. सुट्टी संपायच्या आत शाळेला तो नीट करून हवा होता.

"मी नाही म्हणणार होतो," ते म्हणाले. "मग म्हटलं, आधी विचारावं. तुम्ही चावी धराल तर मी येतो. चुकलं तर सांगायला."

लोकांच्या घरी, शाळेत जाऊन काम करायचं, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी जरीपटक्याला पियानो जुळवायला? ओमप्रकाश समोर बसून कान देऊन ऐकत होते.

"जा ना," ते म्हणाले. "तार तुटली तर मले बोलाव."

शाळेच्या मोठ्या हॉलचं दार रितिका नावाच्या तरुण संगीत-शिक्षिकेने उघडलं. आत बाकं एकावर एक रचलेली होती आणि कोपऱ्यात, झेंड्यांच्या गुंडाळ्यांखाली, काळा पियानो. रितिकाने सुमंतभाऊंसाठी खुर्ची पुढे केली. "सर, आप शुरू कीजिए. ये आपके साथ हैं?"

"मैं इनके साथ हूँ," सुमंतभाऊ खुर्चीत बसत म्हणाले. "पियानो ये मिलाएँगी."

रितिकाने इंदुताईंकडे पाहून नमस्कार केला. इंदुताईंनी साडीचा पदर कमरेला खोचला, खिट्या फिरवून समोरची फळी उतरवली आणि आत टॉर्च मारला. धूळ होती, पण तारा साबूत होत्या. काही पट्ट्या अडकल्या होत्या, काही बोलत होत्या. त्यांनी मधला एक सूर दाबला आणि मान तिरकी करून ऐकला.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. ओमप्रकाश होते. त्यांना आज वरण-भात लावायचा होता, आणि कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या हे विचारायचं होतं.

"तीन," इंदुताई म्हणाल्या. "अन् आता फोन नका करू जी, काम सुरू करून राहिली."

फोन पर्समध्ये टाकून त्यांनी पाचर घातली, बोटाने तारेचा माग काढला आणि पहिल्या खुंटीवर चावी बसवली.